अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पोऱ्या: एका दुचाकी मेकॅनिकचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत हे गॅरेज आहे. दहा बाय पंधराचा गाळा, पुढं पत्र्याची शेड. भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले पाने आणि प्रत्येक पान्यामागं त्याच्याच आकाराचा पांढऱ्या ऑइल पेंटचा छाप. पाना जागेवर नसला की लांबूनच कळतं. मालकांना आपण नुसतं अण्णा म्हणू. ओळख पटू नये म्हणून माणसांचे काही तपशील बदलले आहेत, गाड्यांचे बदललेले नाहीत.

अण्णांचा जन्म १९७४ सालचा, शिक्षण सातवी. १९८९ मध्ये ते दुसऱ्याच्या गॅरेजात पोऱ्या म्हणून लागले. पहिली दोन वर्षं चहा आणणं, पाने पुसणं आणि रॉकेलमध्ये चेन धुणं एवढंच काम. उस्तादानं कधी काही समजावून सांगितलं नाही. बघून शिकायचं, चुकलं की टपली खायची. १९९६ मध्ये त्यांनी स्वतःचं गॅरेज टाकलं. गिऱ्हाईक म्हणजे दूध घालणारे, ऊसवाले, पतपेढीचे वसुलीवाले आणि झेडपीचे गुरुजी.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला शिल्पनिदेशक होतो. आयुष्यभर पोरांना इंजिन शिकवलं आणि स्वतःची गाडी मात्र वीस वर्षं अण्णांकडे टाकली. यावरून माझी थट्टा व्हायची, पण कारण साधं होतं. अण्णा स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून टॅपेट वाजतंय की टायमिंग चेन, ते सांगायचे. कार्बोरेटरचा, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या भागाचा, स्क्रू पूर्ण आत घ्यायचा, दोनेक आटे बाहेर सोडायचा आणि तिथून पुढं कानानं. स्लो अशी बसायची की सिग्नलला गाडी चालू आहे का बंद, ते हात लावून बघावं लागायचं. हे मी वर्गात शिकवत होतो, अण्णांना ते येत होतं. या दोन्हींत फरक आहे आणि पुढचं सगळं प्रकरण त्या फरकाभोवतीच फिरतं.

अडचण

१ एप्रिल २०२० पासून देशात गाड्यांच्या धुराचे बीएस ६ (भारत स्टेज ६) हे नवे नियम लागू झाले. मधली पाचवी पायरी गाळून चारवरून थेट सहावर जायचं, हे सरकारनं २०१६ मध्येच ठरवलं होतं. ३१ मार्च २०२० नंतर बीएस ४ गाडी विकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही २०१८ मध्ये सांगितलं होतं. म्हणजे बदल अचानक आला नव्हता, पण गल्लीतल्या गॅरेजपर्यंत अशी खबर कुणी आणून देत नाही. शिवाय बदल झाला त्या दिवशी टाळेबंदी होती आणि अण्णांचं शटर खाली होतं.

मोठ्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा, आधीपासून होतंच. पण १०० ते १२५ सीसीच्या गाड्या, म्हणजे अण्णांची भाकरी, बहुतेक सगळ्या आता कार्बोरेटर सोडून इंजेक्शनवर गेल्या. टाकीत पंप आला, सायलेंसरच्या पाइपात धुरातला ऑक्सिजन जोखणारा ओटू सेन्सर आला, पेट्रोल किती सोडायचं ते इसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, ठरवू लागला. अण्णांचा स्क्रू ज्या जागी असायचा ती जागाच राहिली नाही.

तरी पहिली दोन वर्षं काही जाणवलं नाही. नव्या गाड्या फुकट सर्व्हिसिंगसाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात होत्या. फटका बसला तो २०२२ मध्ये. फुकट सर्व्हिसिंग संपलं, गाड्या ओळखीच्या माणसाकडे परत आल्या आणि ओळखीच्या माणसाला त्या ओळखेनात.

सुरुवात बॅटरीपासून झाली. पूर्वी बॅटरी मेली तरी किक मारून माणूस घरी जायचा. आता बॅटरी उतरली की पंपच चालत नाही, किक मारून पाय दुखतो फक्त. मग मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा लाईट लागलेल्या गाड्या येऊ लागल्या. अण्णा वायरची जोडणी, म्हणजे कपलर, काढून, फुंकून परत लावायचे. लाईट कधी जायचा, कधी राहायचा. का गेला आणि का राहिला हे त्यांना कळत नव्हतं. तेहतीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

ठिणगी पडली ती एका गुरुजींच्या गाडीवरून. अ‍ॅव्हरेज पडलं होतं, लाईट लागला होता. गाडी सहा दिवस गॅरेजात होती. सहाव्या दिवशी गुरुजी समोर उभे असताना अण्णांचा भाचा बोलून गेला, “मामा, ओटू सेन्सर असंल. मोबाइलवर बघितलंय मी.” भाचा तेव्हा एकोणीस वर्षांचा, बारावी झालेला, हाताखाली दीड वर्ष. अण्णा त्याच्यावर असे खेकसले की गुरुजींनाच अवघडल्यासारखं झालं. त्या रात्री अण्णा माझ्याकडे आले, गाडीचं नाव न काढता अर्धा तास ऊसदरावर बोलले आणि उठता उठता म्हणाले, “सर, पोरगं बरोबर बोललं आसंल तर?”

मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. द्यायला नको होतं. सेन्सर असू शकतो म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या गाडीला नवा सेन्सर बसला. ही गाडी पुढं पुन्हा येणार आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा, आणि तो वाटतो तितका वेडगळ नव्हता. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढं नूतनीकरणही होतं. म्हणजे २०२०च्या मार्चपर्यंत विकलेल्या कार्बोरेटरच्या गाड्या २०३५ पर्यंत रस्त्यावर राहणार. तेव्हा अण्णा एकसष्ट वर्षांचे असतील. “जुन्या गाड्या करीत करीत माझं जाईल की आयुष्य,” हे ते नुसतं तोंडदेखलं म्हणत नव्हते, त्यांनी बोटांवर हिशेब केला होता. त्यात खोट एकच. गिऱ्हाईक गाडीनुसार गॅरेज बदलत नाही. एका घरात दोन गाड्या असतात, आणि नवी जिथं जाते तिथंच मागोमाग जुनीही जाते.

दुसरा, भाच्याला कोर्सला घालायचं आणि इंजेक्शनचं सगळं त्याच्यावर सोडायचं. अण्णांच्या घरच्यांना हाच पसंत होता. वहिनी मला म्हणाल्या, “ह्यांना आता कुठं वह्या-पुस्तकं देता?” पण भाचा आज आहे, उद्या नाही, हे अण्णांना माहीत होतं. स्वतः तेही कधीतरी उस्तादाला सोडूनच आले होते.

तिसरा, पूर्णवेळ प्रशिक्षण. जिल्ह्याच्या गावी काही आठवडे. गॅरेज बंद ठेवायचं तर रोजची कमाई बुडणार, आणि गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे वळलं की वळलं. हा पर्याय दहा मिनिटांत निकालात निघाला.

चौथा मीच सुचवला होता. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवी कारागिराच्या आधीच्या शिक्षणाला मान्यता देण्याची सोय आहे. थोडं प्रशिक्षण, मग मूल्यमापन आणि प्रमाणपत्र. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे मला जे येतंय त्याचा कागद मिळणार. जे येत न्हाई त्याचं काय?” मी गप्प बसलो. प्रश्न अचूक होता. ज्याला नोकरी बदलायची आहे त्याला तो कागद मोलाचा, अण्णांची गरज वेगळी होती.

पाचवा, मोबाइलवरचे व्हिडिओ. भाचा तेच करत होता. त्यातून चांगलं शिकता येतं, पण व्हिडिओतली गाडी वेगळी, बिघाड वेगळा, आणि करणारा कुठं चुकला ते दाखवत नाहीत. सहावा पर्याय स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या बिघाडाचा कोड दाखवणारं यंत्र, विकत घेण्याचा होता. अण्णांनी तो कुणालाच न विचारता निवडला.

केलेली कृती

स्कॅनर १४,५०० रुपयांना आला. दिसायला रुबाबदार, पडद्यावर सगळं इंग्रजी. गाडीला जोडला की कोड देतो. अण्णांची समजूत अशी की यंत्र रोग सांगेल आणि आपण भाग बदलू. महिनाभर तसंच चाललं. तीन गाड्यांना नवे भाग बसले, त्यातली एकच सुधारली. बाकी दोघांनी पैसे दिले, पण तोंड कडू करून. त्यानंतर स्कॅनर डब्यात गेला आणि डबा वरच्या फळीवर.

मुळात कोड म्हणजे काय हेच कुणी सांगितलं नव्हतं. पी ०१३१ असा कोड आला तर त्याचा अर्थ सेन्सर बिघडला असा नसतो. सेन्सरकडून कमी व्होल्टेज येतंय, एवढंच यंत्र सांगतं. का येतंय ते शोधणं मेकॅनिकचं काम. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो, मलेरिया की टायफॉइड ते नाही.

आता माझी चूक. अण्णा शिकायला तयार झाले म्हटल्यावर मी उत्साहात फळा लावला. व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स, ओहमचा नियम. तीस वर्षं आयटीआयच्या पोरांना ज्या क्रमानं शिकवलं, त्याच क्रमानं. अण्णा दोनदा आले, खाली मान घालून बसले. तिसऱ्यांदा कुणाच्या तरी साखरपुड्याचं निमित्त आलं, चौथ्यांदा निमित्तही आलं नाही. पुढं तीन आठवडे समोरासमोर आलो तरी ते रस्त्यापलीकडून हात करायचे.

माल्कम नोल्स नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं प्रौढांच्या शिक्षणावर बरंच लिहून ठेवलंय. मोठा माणूस विषय शिकायला येत नाही, अडलेलं काम घेऊन येतो आणि गाठीचा अनुभव बाजूला ठेवून बसायला तयार नसतो, असा त्याचा रोख. हे मी निदेशकांच्या प्रशिक्षणात कधीकाळी पाठ केलं होतं. परीक्षेत गुणही मिळाले असतील.

तीन आठवड्यांनी मीच गेलो. अण्णा स्पष्ट बोलले नाहीत, आजीची गोष्ट सांगितली. १९५९ मध्ये ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली ती याच सातारा जिल्ह्यात. त्यांची आजी तेव्हा चाळिशीची, तीत सही करायला शिकली. “आजी म्हणायची, मास्तर परगावचा हुता म्हणून बसले पाटी घेऊन. गावातल्या पोरानं शिकवलं आसतं तर मेले आसते, पर बसले नसते.” सांगून झाल्यावर ते भाच्याकडे बघत राहिले. मला तेव्हा कुठं उमगलं. विषय अवघड आहे ही अडचण नव्हतीच. गिऱ्हाइकासमोर, पोऱ्यासमोर पुन्हा पोऱ्या व्हायचं, हे त्यांना जड जात होतं.

मग ठरलं ते असं. सोमवारी गॅरेज बंद असतं. त्या दिवशी सकाळी नऊ ते बारा, शटर अर्धं खाली ओढून तिघांनी बसायचं. फळा नाही. गाडी भाच्याची, २०२१ची, काहीही बिघाड नसलेली.

बिघाड नसलेली गाडी हा मुद्दा अण्णांना आधी पटला नाही. “बरी गाडी काय बघायची?” पण मेकॅनिकाकडे कायम आजारीच गाड्या येतात. कार्बोरेटरच्या निरोगी गाडीचा आवाज त्यांच्या कानात तीस वर्षं मुरलेला होता, इंजेक्शनच्या निरोगी गाडीची नाडी त्यांनी कधी बघितलीच नव्हती. म्हणून पहिले दोन सोमवार नुसती नोंद. पाचशे रुपयांचा मल्टिमीटर आणि शंभर पानी वही. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू करून रेस दिली की १४च्या पुढं. ओटू सेन्सर गाडी गरम झाल्यावर ०.१ आणि ०.९च्या मध्ये सारखा वर-खाली. तो आकडा नाचताना बघून अण्णा म्हणाले, “ह्यो तर श्वास घेतोय.”

तिसऱ्या सोमवारपासून आम्ही चांगली गाडी मुद्दाम बिघडवू लागलो. एक कपलर काढायचा, गाडी चालू करायची, आवाज ऐकायचा, कोड बघायचा, वहीत लिहायचं, परत जोडायचं. इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर काढला तर काय होतं? बॅटरीची अर्थिंगची तार ढिली केली तर? सायलेंसरचे नट दोन आटे सैल केले तर? रोग आपणच घातलेला असल्यामुळं उत्तर आधीच माहीत असायचं आणि चुकण्याची भीती नसायची. माझ्या नोकरीत एवढी साधी गोष्ट मी कधी केली नव्हती. सरकारी इंजिन मुद्दाम बिघडवायला नोंदवहीत रकाना नसतो.

लिहायचं काम भाच्याचं, बोलायचं अण्णांचं. इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, तेव्हा त्यांनी आपली घातली. इंजेक्टर म्हणजे पिचकारी. ओटू सेन्सर म्हणजे सायलेंसरचं नाक. मूठ पिळली की थ्रॉटल किती उघडला ते कळवणारा सेन्सर म्हणजे मुठीचा निरोप्या. आणि इसीयू म्हणजे मुकादम. ऊसपट्ट्यातल्या माणसाला मुकादम वेगळा सांगावा लागत नाही. तो फडात उतरत नाही, माणसांनी आणलेल्या निरोपावर हुकूम सोडतो. निरोप खोटा आला की हुकूम चुकतो. भाचा आधी हसला. मलाही क्षणभर वाटलं की शुद्ध नावं घोकून घ्यावीत. सुदैवानं गप्प राहिलो. पाठ्यपुस्तकाच्या अर्ध्या पानात जे मावत नाही ते त्या एका शब्दात होतं. भाच्यानं समास आखून डावीकडे अण्णांचा शब्द आणि उजवीकडे कंपनीचा शब्द लिहिला, कारण दुकानात भाग मागताना पिचकारी म्हणून चालत नाही.

शटर वर गेलं तो सोमवार

सहावा की सातवा सोमवार. कुणीतरी शटर बडवलं. दूधवाला होता. त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंना कॅन, पहाटे पाचला संकलन केंद्र गाठायचं, त्याला सुट्टीबिट्टी काही ठाऊक नाही. रोज ठरलेलं पेट्रोल आणि ठरलेला रस्ता, त्यामुळं अ‍ॅव्हरेज पडलं हे त्याला मीटरपेक्षा आधी कळतं. पिवळा लाईटही लागलेला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. गिऱ्हाइकाला बाहेर थांबवून आत गाडी बघायची, की शटर वर करायचं? त्यांनी शटर वर केलं. मी काही सुचवलं नव्हतं.

स्कॅनर लावला. पी ०१३१. भाचा म्हणाला, “सेन्सर बदलू या.” गुरुजींच्या गाडीवेळी म्हणाला होता तेच. यावेळी अण्णा खेकसले नाहीत. म्हणाले, “थांब जरा. मुकादमाला निरोप कोण देतंय बघू.” प्लग काढला, काळाकुट्ट. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पण ०१३१ म्हणतो की नाकाला हवा जास्त लागतीय, पेट्रोल कमी पडतंय. दोन्ही खरं कसं?

अण्णांनी फडक्याचा बोळा करून सायलेंसरच्या तोंडावर क्षणभर दाबला आणि दुसरा हात इंजिनाजवळ बेंड पाइपपाशी नेला, भाजणार नाही इतक्या अंतरावर. फुस् फुस् आवाज आला. वाकून टॉर्च मारला तर जोडाशी काजळीचा डाग. जोडातली फट बुजवणारं गॅसकीट गेलं होतं.

सायलेंसरमधून धूर सलग वाहत नाही, झटक्या-झटक्यानं जातो. दोन झटक्यांच्या मध्ये आत ओढ तयार होते आणि फटीतून बाहेरची हवा आत शिरते. नाकाला ती हवा लागते. ते मुकादमाला कळवतं की पेट्रोल कमी पडतंय. मुकादम पिचकारीला म्हणतो, वाढव. पेट्रोल वाढतं, प्लग काळा पडतो, अ‍ॅव्हरेज पडतं, पण फट आहे तोवर नाक तेच सांगत राहतं. सेन्सर ठणठणीत होता. तो खोटंही बोलत नव्हता, त्याला जे लागलं ते सांगत होता.

शंभराच्या आतलं गॅसकीट, सेन्सरला दीड-दोन हजार. दूधवाला तासाभरात गेला. त्याला यातलं काहीच विशेष वाटलं नाही, अण्णांनी गाडी नीट करणं त्याला नवीन नव्हतं.

गंमत अशी की हा बिघाड स्कॅनरनं सापडला नाही, आणि नुसत्या कानानंही सापडला नसता. काळा प्लग बघून कार्बोरेटरच्या काळातले अण्णा स्क्रू फिरवत बसले असते. कोड आणि प्लग एकमेकांशी जुळत नाहीत हे आधी दिसलं, मग कान कुठं लावायचा ते कळलं. जुनं शिक्षण फुकट गेलं नव्हतं, त्याला नवा पत्ता मिळाला होता.

भाचा हात पुसत होता. अण्णा म्हणाले, “गुरुजींच्या गाडीला बी हेच हुतं रं.” कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी त्यांनी गुरुजींना फोन करून गाडी मागवली. जोडाशी तसाच डाग निघाला. सेन्सरचे पैसे त्यांनी दोन सर्व्हिसिंगमध्ये वळते करून दिले. गुरुजी नको म्हणत होते. मीही म्हणालो की एवढं करायची गरज नाही, तेव्हा अण्णा मला म्हणाले, “सर, तुमी बी सेन्सरच सांगितला हुता.” ते खरंच होतं.

निष्पत्ती

सोमवार सव्वा वर्ष चालले, पावसाळ्यात आणि यात्रेच्या दिवसांत खंडले. वही भरली, दुसरी सुरू झाली. वहीत ४३ इंजेक्शनच्या गाड्यांच्या नोंदी आहेत. त्यातल्या सहा बाहेर पाठवाव्या लागल्या, बहुतेक वायरिंगच्या. सुरुवातीला अशी जवळपास प्रत्येक गाडी परत जात होती. स्कॅनर फळीवरून खाली आला. कोड अण्णा आता नुसत्या आकड्यांनी ओळखतात, अकरा कोड त्यांना तोंडपाठ आहेत. बाराव्याला वही काढतात, गिऱ्हाइकासमोर काढतात.

कमाई वाढली का, असं मला विचारतात. फारशी नाही. आहे ती टिकली. एबीएसच्या, म्हणजे जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या, ब्रेकला ते अजून हात लावत नाहीत. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, त्या गाड्या येतात, ते ऑइल बदलून देतात आणि ब्रेकसाठी दुसरीकडे पाठवतात. इलेक्ट्रिक स्कूटरचं टायर आणि बेअरिंग करतात, बाकी नाही. कुठं थांबायचं हे ठरवणं मला शिकण्याइतकंच शहाणपणाचं वाटतं, पण यावर आमचं एकमत नाही. भाच्याच्या मते मामा भितो.

भाचा आता इथं नाही. गेल्या वर्षी त्याला पुण्यात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी लागली. मुलाखतीत त्यानं गॅसकीटचा किस्सा सांगितला म्हणे. जाताना दोन्ही वह्यांच्या सगळ्या पानांचे फोटो काढून घेऊन गेला. मूळ वह्या खिळ्याला दोऱ्यानं टांगलेल्या आहेत, ऑइलचे डाग पडून पानं पारदर्शक झालीत. नव्या पोऱ्याला अजून लिहायला सांगितलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या रात्री मी उत्तर द्यायला नको होतं. “उद्या गाडी बघायला येतो” एवढं म्हणालो असतो तर गुरुजींचे पैसे वाचले असते. शिकवणाऱ्याची जीभ उत्तर द्यायला वळवळते, हा आमचा धंद्याचा रोग.

स्कॅनर आधी आणि मल्टिमीटर नंतर, हा क्रम उलटा हवा होता. पाचशे रुपयांत जे कळलं त्याशिवाय साडेचौदा हजारांचं यंत्र मुकं होतं. पण स्कॅनर घेतला नसता तर पैसे अडकले नसते, आणि पैसे अडकले नसते तर अण्णा शिकायला बसले असते का? मला खात्री नाही. या एका ठिकाणी मी चूक म्हणायला कचरतो.

लिहिण्याचं काम भाच्यावर सोडलं, त्याची किंमत तो गेल्यावर कळली. तो गेल्यापासून वहीत मोजक्याच नोंदी झाल्यात. अण्णांनी स्वतःच्या अक्षरात, मोडकं-तोडकं का होईना, लिहायला हवं होतं. तेव्हा वेळ वाचवला. फोनवर बोलून नोंद ठेवायचा प्रयोग आता चालू आहे, पण कंप्रेसर सुरू असला की फोनला कंप्रेसरच ऐकू येतो.

आणि एक गोष्ट मी पहिल्या दिवशी सांगायला हवी होती. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल टाकीतून आपसूक खाली उतरतं, पाइप काढला की थेंब थेंब गळतं. इंजेक्शनच्या पाइपात पंपाचं प्रेशर असतं, साधारण ३ बार. मी सेन्सरच्या नादात होतो, आणि चौथ्या सोमवारी अण्णांनी तीस वर्षांच्या सवयीनं पाइप ओढला. पेट्रोलची चिळकांडी गळ्यापासून डोळ्यापर्यंत गेली. इंजिन थंड होतं म्हणून निभावलं. डोळा दोन दिवस लाल होता, वहिनी माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. पहिल्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, जिथं पोरं शाळेचं नाव घालतात, तिथं भाच्याच्या अक्षरात लाल पेननं दोन ओळी आहेत: “आधी पंपाचा कपलर काढ. गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालव. मग पाइप.”